परवानगी कोणी दिली?

"केतकीताई, आपला संगणक आजारी आहे!" घरचा यंत्रमानव गोट्या लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आला.

पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट चमकत होती. 'धोका! संगणकात व्हायरस शिरला आहे. सगळं पुसलं जाण्याआधी येथे दाबा.' एक मिटवली की दुसरी हजर.

केतकीने घड्याळाकडे पाहिलं. तिची आई चंद्रावरच्या संशोधन तळावर खडकांचा अभ्यास करत होती. उद्या ती एका खोल गुहेत उतरणार होती आणि मग बरेच दिवस बोलणं होणार नव्हतं. थोड्याच वेळात तिचा फोन याच संगणकावर यायचा होता.

"सूचना आली की पाळायची," म्हणत गोट्याने बोट पुढे केलं.

"थांब!" केतकीने त्याचा हात धरला. "आजोबा, लवकर या ना!"

आजोबा, म्हणजे आईचे वडील, निवृत्त संगणकशास्त्रज्ञ होते. "दाबू दिलं नाहीस, फार छान केलंस," ते म्हणाले. "आता सांग, हे बोलतंय कोण?"

"संगणक."

"नीट बघ बरं. बारीक अक्षरात काय लिहिलंय?"

केतकीने वाकून पाहिलं. एका वेबसाइटचं नाव होतं. "अय्या! इथे मी काल कासवांची चित्रं बघत होते. आधी एक चौकट आली, मी 'परवानगी द्या' दाबून टाकलं."

"हं! ब्राउझर (वेबसाइट उघडून दाखवणारा प्रोग्रॅम) तुला विचारल्याशिवाय कोणालाही नोटिफिकेशन (पडद्यावर झळकणारी सूचना) पाठवू देत नाही. तू हो म्हणालीस, म्हणजे त्या साइटला आपल्या दाराची बेल वाजवायची मुभा दिलीस. आता पान बंद केलं तरी ती वाजवणारच. बाहेर उभा राहून कोणी 'तुमच्या घरात साप आहे' असं ओरडला, तर त्याला ते कसं कळलं?"

"त्याने घर पाहिलंच नाही!"

"बरोबर. घाबरून तू दाबावंस, एवढंच त्याला हवंय. मग खोट्या पानावर नेऊन पासवर्डही मागेल."

केतकीने ब्राउझरच्या सेटिंग्ज उघडल्या. 'गोपनीयता आणि सुरक्षा'मध्ये साइटच्या परवानग्या सापडल्या. नोटिफिकेशनसमोर ते नाव होतंच. तिने ते काढून टाकलं. "कॅमेऱ्याची परवानगी पण काढू?"

"ती आईशी बोलायच्या साइटची आहे. ओळखीची आणि गरजेची. राहू दे."

लाल चौकट थांबली. तरी खात्रीसाठी आजोबांनी संगणकात आधीपासून असलेला, व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम चालवला. काही निघालं नाही.

"म्हणजे आधी सांगणारा कोण ते बघायचं," गोट्या पुटपुटला आणि पोळ्या लाटायला गेला.

केतकीने आजोबांना मिठी मारली. "तुम्ही होतात म्हणून!"

"माझे कसले आभार? ब्राउझर बनवताना कोणाच्या तरी मनात आलं, की आत येणाऱ्याने घरच्यांना विचारायला हवं. त्यांना तू माहीतही नव्हतीस, तरी तुझी काळजी घेतली त्यांनी."

तेवढ्यात पडद्यावर आई दिसली. केतकीने एका दमात सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आई, मोठी झाल्यावर मीही असंच काहीतरी बनवणार. मला माहीत नसलेल्या मुलांसाठी."

चंद्रावरून उत्तर यायला क्षणभर वेळ लागतो. तो क्षण सरला आणि आईचा चेहरा हसून उजळला.