न सापडलेली गळती

आषाढात घोटीकडे गळती शोधायची म्हणजे मिस्त्रीची थट्टाच. छप्पर गळतं, पन्हळ गळते, झाडं गळतात, खुद्द मिस्त्रीच्या टोपीवरून पाणी निथळत असतं. त्यात ट्रॅक्टरच्या पोटाखाली पडलेला थेंब इंजिनचा की आभाळाचा, हे सांगायचं कोणी? म्हणूनच संतोषचा ट्रॅक्टर पुन्हा दुकानासमोर येऊन उभा राहिलेला दिसला, तेव्हा निसार मिस्त्रीने हातातला पान्हा फळीवर आपटला.

तक्रार तीच होती. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरायचा, दिवसभर चिखलणी करायची, संध्याकाळी टोपण उघडावं तर पाणी दोन बोटं खाली. इंजिनच्या तापाचा काटा लालीकडे सरकला की संतोषला अर्ध्या वावरात ट्रॅक्टर थांबवावा लागे. भाताची रोपं हातभर वाढून पिवळी पडायला लागली होती आणि लावणीला सांगितलेल्या बाया बांधावर बसून कंटाळून दुसऱ्याच्या शेतात निघून गेल्या होत्या.

निसारने करायचं ते सगळं करून झालं होतं. होस पाइप नवे, क्लिपा नव्या, टोपण नवं. हवेचा दाब देऊन पाहिला, तर दाबाच्या घड्याळाचा काटा जागचा हलला नाही. ऑइलमध्ये पाणी उतरलं नव्हतं, धुराड्यातून पांढरा धूर नव्हता, वॉटर पंपाखाली तो बोट फिरवी तर बोट कोरडं येई. बंद डब्यातून पाणी जावं आणि डब्याला भोक नसावं, असला हा प्रकार. पंचवीस वर्षं गेली होती त्याची या धंद्यात, आणि आता हे लोखंड त्याला वेडं ठरवत होतं.

संतोषही वैतागलेलाच होता. म्हणाला, काल आईला घेऊन नाशिकला गेलो होतो, गंगापूर रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं. डॉक्टर म्हणतो, नळ्या साफ आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालंय, काही बिघाड नाही. "तिकडं तो म्हणतो काय झालं नाय, इकडं तुम्ही म्हणता काय झालं नाय. मग ह्या दोघांचं पाणी चाललंय तरी कुठं?"

निसारला हसू आलं नाही. उद्या शेतावर येऊन ट्रॅक्टर चालताना बघतो, एवढंच तो बोलला.

संतोषचं घर शेताला लागूनच होतं. ओट्याच्या डाव्या अंगाला पत्र्याची शेड, तिथेच ट्रॅक्टर उभा असे. निसार पोचला तेव्हा ओट्यावर कुसाबाई, संतोषची आई, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या पदराच्या टोकाने ते टिपत होत्या, माशी हाकलावी तशा सवयीने.

निसार जरा चपापला. त्याने विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "रडत नाय रे बाबा. नुसतं पाणी येतंय. बस, चहा घे."

दुपारपर्यंत तो ट्रॅक्टरच्या मागे गुडघाभर चिखलातून हिंडला. थेंब दिसला नाही. संध्याकाळी पाणी दोन बोटं खाली. तेव्हा त्याने तो उपाय केला जो जुने ड्रायव्हर वाटेत अडकले की करत: संतोषच्या बायकोकडून, हर्षालीकडून, मूठभर हळद मागून घेतली आणि रेडिएटरमध्ये टाकली. हळद फुगते, बारीक भोकात बसते, गळती थांबते. दुकानात कोणी हे पाहिलं असतं तर त्याची मान खाली गेली असती. पण आता मानेची पर्वा कोणाला होती?

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा पाणी खालीच होतं. हर्षाली ओट्यावर पातळं वाळत घालत होती. तिची निराळीच कुरकुर चालली होती. आईंना चुलीशी येऊ देत नाही, डब्यांना हात लावू देत नाही, तरी पदराला हळद लागतेच कशी? धुऊन धुऊन डाग जात नाही. निसारने तो पदर पाहिला. बोटं पुसल्याचे डाग नव्हते ते. टोकाला, जिथे डोळे टिपले जात, तिथेच फिकट पिवळी गोल ओल पसरून वाळलेली होती.

हळदीच्या घरात हळदीचा डाग. त्यात काय, असं तो मनाशी म्हणाला. मोटारसायकलवरून घोटीला येईपर्यंत तो हेच म्हणत राहिला. आणि तरी गावात शिरताना तो किराणा दुकानापाशी थांबला आणि कपड्यांना घालायच्या निळीची बाटली त्याने विकत घेतली. निळ्या पाण्याचा डाग लोखंडावर चटकन दिसेल, गळती सापडेल. कारण चोख होतं. मग ते संतोषला सांगायला काय हरकत होती? पण त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संतोष वैरण टाकायला गेलेला पाहून त्याने अर्धी बाटली रेडिएटरमध्ये ओतली आणि टोपण आवळलं.

मग दोन दिवस तो तिकडे फिरकलाच नाही. संतोषचे फोन येत राहिले. तिसऱ्या फोनला वैतागून तो निघाला.

इंजिनवर निळा ठिपकाही नव्हता. रेडिएटरच्या जाळीत नाही, पंपाखाली नाही, शेडच्या जमिनीवर नाही. पाणी दोन बोटं खाली.

तो ओट्याकडे आला. कुसाबाई खुर्चीतच डुलक्या घेत होत्या. डोळ्यांच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत, सुरकुत्यांच्या वळणाने, दोन्ही गालांवर एकेक बारीक निळी रेघ उतरली होती.

हर्षाली म्हणाली, डॉक्टरने नवे थेंब दिलेत, त्याचा रंग असेल. निसारने बाटली बघायला मागितली. तिने ती आतून आणून दिली. त्याने ती उजेडात धरली. आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ होतं.

त्याने बाटली परत दिली. त्याला भीती वाटत होती ती भुताखेताची नव्हे. आठवत होतं ते वेगळंच: महिनाभर या ट्रॅक्टरच्या पाण्यात त्याने इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट मिसळलं होतं, जे कुत्र्याने चाटलं तर कुत्रं मरतं. वर हळद. वर नीळ. आणि म्हातारी मुकाट्याने पदराने टिपत बसली होती.

"मावशी, डोळे चुरचुरतात का?" त्याने खाली बसून विचारलं.

"चुरचुरतात की. दिवसभर ट्रॅक्टर चालला का आग होती नुसती. उभा राहिला का बरं वाटतं." त्या सहज बोलल्या. "आवाजानं असंल."

निसारने त्याच दुपारी सगळं पाणी काढलं. विहिरीच्या पाण्याने रेडिएटर पुन्हा पुन्हा धुतला, खालून अगदी नितळ पाणी येईपर्यंत. संतोषला सांगितलं, कूलंट घालू नकोस, साधं पाणी चालेल, आणि थेंबभरसुद्धा दुसरं काही घालू नकोस. संतोषने कारण विचारलं तर तो त्याच्यावर खेकसला. मग नाशिकहून नवा रेडिएटर मागवून बसवला. जुन्यात काही दोष नव्हता हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दुसरं काय बदलणार?

नवा रेडिएटर बसला आणि गळती थांबली. त्याच दिवसापासून कुसाबाईंचे डोळेही गळायचे थांबले. संतोष घोटीत भेटेल त्याला सांगत सुटला की मिस्त्री पाहावा तर निसारभाई, आणि डॉक्टर पाहावा तर गंगापूर रोडचा. निसार ते ऐकून घेई आणि विषय बदली. घरी त्याने बायकोला, जैतुनबीला, सगळं सांगायचं ठरवलं होतं. तिच्यासमोर बसला, आणि त्याला जमलं नाही.

भाताच्या लावण्या उरकल्यावर मोठी उघडीप पडली. तेव्हा फॅनचा पट्टा वाजतो म्हणून संतोषने त्याला बोलावलं. ट्रॅक्टर सकाळपासून जागचा हलला नव्हता. निसार शेडमध्ये शिरणार एवढ्यात घरातला फोन वाजला आणि हर्षालीने हंबरडा फोडला.

पेठहून फोन होता. वाल्मीकमामा गेले. कुसाबाईंचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यावर त्यांनीच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला.

शेजारच्या बाया धावत आल्या. रडारड झाली. संतोष भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. गाडी बोलवायला कोणी तरी गेलं.

कुसाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. तोंड वाकडं झालं होतं, गळा आत-बाहेर होत होता. डोळे मात्र कोरडे ठणठणीत. बायांनी त्यांना छातीशी धरलं, रड गं बाई, मोकळी हो, म्हणाल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तो कोरडाच खाली घेतला.

त्यांची नजर निसारवर आली.

"निसार," त्या म्हणाल्या, "मला पाणीच येईना रे."

तो मागे सरकला, शेडकडे वळला.

शेडमध्ये टपटप ऐकू येत होतं.

आठवडाभर पाऊस नव्हता. पत्रा वाळून तापलेला होता. जमिनीवर धूळ होती आणि त्या धुळीत, रेडिएटरच्या नळीखाली, ताटाएवढं ओलं वर्तुळ झालं होतं.

त्याने इंजिनवर हात ठेवला. गार होतं.

टोपणाला हात लावला. कोमट होतं.

त्याने ते फिरवलं. पाणी तोंडापर्यंत आलेलं होतं. तो पाहत असतानाच ते वर चढलं आणि काठावरून ओघळू लागलं.

त्याने बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

ओट्यावर बाया अजून म्हणत होत्या, रड गं, रड. निसार गुडघ्यांवर बसला. कोपऱ्यातली बादली ओढून खाली ठेवली आणि रेडिएटरचा खालचा कॉक सोडला.

पाणी येऊ लागलं. मधेच थांबायचं, मग धबकन यायचं, पुन्हा थांबायचं. बादली भरली. त्याने ती बाजूला सारली, दुसरी लावली. तीही भरत आली, तेव्हा ओट्यावरचे आवाज हळू झाले. हर्षाली कोणाला तरी सांगत होती की आईंना जरा डोळा लागलाय.

निसार उठला आणि रेडिएटरच्या तोंडातून आत डोकावला.

पाणी काठोकाठ होतं.