कोरडी चादर

चार पावलं टाकली की माझी पोटरी धरायची. थांबायचं, मग पुन्हा चालायचं. सत्त्याण्णव सालच्या थंडीत डॉक्टर म्हणाले, "हंबीरराव, पायाची अँजिओग्राफी करू. औषध सोडलं की रक्तवाहिनी पडद्यावर दिसते. कुठं तुंबलीय ते कळतं." मुलगा परगावी होता, म्हणून सून प्रियदर्शनी सोबत निघाली. सकाळच्या एसटीनं राधानगरीहून आम्ही कोल्हापूरला आलो.

भरदुपार होती, पण त्या खोलीला खिडकीच नव्हती. स्पिरिटचा वास, यंत्राची घरघर. कमरेखाली एका हिरव्या चादरीशिवाय अंगावर काही नाही. गावात सरपंच राहिलेला मी माणूस, भिंतीकडं तोंड करून पडलो. पवित्रा सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, औषध गेलं की गरम वाटेल. लघवी झाल्यासारखं वाटेल. घाबरायचं नाही, होत नाही काही." मग त्या आणि डॉक्टर काचेमागं गेले. दिवे मंद झाले.

जांघेतून विस्तव ओतल्यासारखं ते औषध पायात उतरलं. लगेच मांड्यांमध्ये ऊब पसरली. सिस्टरनी सांगितलेलं डोक्यातून पार निघून गेलं. झालं, म्हटलं. साठी उलटलेला माणूस, आणि हे असं. बाहेर सून बसलीय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सिस्टर..." कसाबसा शब्द फुटला.

त्या आल्या, चादरीखाली हात फिरवला. "कोरडं आहे हो, आजोबा." परत काचेमागं गेल्या.

तेवढ्यात डाव्या कानाशी कुणीतरी बाई कुजबुजली, "मला बी तसंच म्हणाल्या..."

मान वळवायची हिंमत झाली नाही. भिजलेल्या गादीचा उग्र वास आला.

"कोरडंच असतंय, बाई," मी पुटपुटलो.

"तुमचं आसंल. माझं न्हाय..." आवाज लाजेनं पार बारीक झालेला. "लेक भाईर हाय माझा. आत्ता आत यील. तुमची चादर द्या की... झाकून घेते."

खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. चादर दिली तर मी उघडा. पण तिचा तो आवाज... घटकाभरापूर्वी माझा आवाजही तसाच निघाला होता. मी चादर ओढली आणि अंधारात धरली. कुणीतरी ती हातातून अलगद काढून घेतली.

"हलू नका!" डॉक्टर ओरडले. दिवे लागले. ओरडा ऐकून प्रियदर्शनीनं दार ढकललं आणि तशीच पाठमोरी झाली. सगळ्यांसमोर मी तसा पडलेलो. सिस्टरनी धावत दुसरी चादर आणून टाकली. पहिली खोलीत कुठंच सापडली नाही.

संध्याकाळी सिस्टर खाटेशी आल्या. "बाईंचा आवाज आला का?"

मी मान हलवली.

"उचगावच्या शालूबाई. गेल्या दिवाळीत त्याच टेबलावर गेल्या. औषध अंगाला सोसलं नाही. शेवटपर्यंत चादर बदला म्हणत होत्या. त्यांचा मुलगा आत आला तेव्हा..." त्यांनी माझी चादर नीट खोचली.

दुसऱ्या दिवशी एसटीत सासरा-सून शेजारी बसलो, पण एकमेकांकडं बघवेना. निम्मी वाट सरल्यावर खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "मामा, काल मी काय बघितलं न्हाय. दार उघडलं आणि आतनं एक बाईच आडवी आली. हिरवी चादर गुंडाळून घाईनं भाईर निघालेली, लई लाजल्यागत. मी तिच्याकडंच बघत राहिले."

मी तिच्याकडं वळलो. "काय बोलली का?"

"तुझा सासरा लई भला हाय, म्हणाली. गाव कुठलं, इचारलं." तिनं पदर सावरला. "मी सांगितलं की. गाव, गल्ली, दारातल्या फणसाची खूण... सगळं."