फक्कीनं आखलेली खोली

थप्... थप्... जरा थांबून पुन्हा थप्... थप्. पन्नास वर्षं झाली, तो आवाज कानातून जात नाही. मिठागराचा वाफा तयार करताना ओली माती पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. नवरा-बायको शेजारी शेजारी उभे राहून तुडवायचे. मी आणि माझी नीराबाई तसेच तुडवायचो. तिच्या डाव्या पायाला चारच बोटं होती, माझ्या उजव्या टाचेला आडवी भेग. आमची पावलं चिखलात कुठेही ओळखू यायची.

पुढे मिठागर बुजलं, नीराबाई गेली. मी खाडीकाठच्या रिकाम्या गोदामाचा राखणदार झालो. दाराशी माझी खाट.

यंदा आमच्याच गावच्या हितेशनं त्या गोदामात आपल्या ट्रक कंपनीचं ऑफिस करायचं ठरवलं. आखणी करायला पनवेलहून भाविका आली. हसरी मुलगी. तिनं जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या आणि मला सगळीकडे फिरवलं.

"ही साहेबांची केबिन. इथे काचेची भिंत. इथे चहाचं मशीन."

"आन् माजी खाट?"

तिनं हितेशकडे पाहिलं. हितेश म्हणाला, "तात्या, आता कॅमेरे लागतीन. तू नागावला गोदूकडं र्‍हा. लेक हाय, समुद्र हाय. फिराया येनाऱ्या पावण्यांबरोबर बोटीत बस."

"जन्म गेला पाण्यात, आन् आता तिकीट कारून बोटीत बसू व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण दुपारी माझी अर्धी भाकरी कावळ्यांना गेली.

जेवून आम्ही बाहेर भेंडीच्या झाडाच्या सावलीत बसलो होतो. ऊन रखरखत होतं. तेवढ्यात आतून आवाज आला. थप्... थप्...

"आत कोण आहे?" भाविका धावली.

कोणी नव्हतं. ओल्या मिठाचा वास होता. आणि दाराजवळची रेघ सरकून तिथे एक लहानशी खोली आखली गेली होती, खाडीकडे दार ठेवून.

"तात्या, तुम्हीच ना?"

"बाय, मी वाकलो तं उठवाया दोन मानसं लागतान."

तिनं रेघा पुसल्या. दुसऱ्या दुपारी खोली पुन्हा तिथेच. तिसऱ्या दुपारी भाविकानं टेप लावून ती मोजलीच.

"वारा बरोबर येतो हो इथे. माझ्यापेक्षा हुशार आहे ही बाई."

"बाई...?"

तिनं बोट दाखवलं. फक्कीत बाईचं एक लहानसं ओलं पाऊल होतं. डावं. चार बोटांचं.

मी खाटेवर टेकलो. मग हळूहळू सगळं सांगितलं. हितेशनं डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले. "नीराकाकी, झाली तुजी खोली. तात्या इथंच र्‍हाईल. फकत माजी केबिन सरकवू नको!"

आम्ही इतके हसलो की छपरावरचे कावळे उडाले.

भिंती उभ्या राहिल्या. खोलीत मातीचा भराव पडला. दुसऱ्या दिवशी कामगार तो चोपणार होते. मी गोदूला ही गोष्ट सांगायला नागावला गेलो आणि रात्री तिथेच राहिलो. सकाळी तिनं ऊन पाण्यानं आंघोळ घातली, पेजेबरोबर सुकट भाजून दिली. दुपारी एसटीनं परत आलो, तर हितेश दारात उभा.

"तात्या, राती कुठं व्हतास? गडी यायच्या आदीच कोनी भराव तुडवला?"

"गोदूकडं. फोन लाव तिला."

मी चपला काढून दारातूनच आत पाहिलं. भराव वाफ्यासारखा गुळगुळीत तुडवला होता. कडेला शेजारी शेजारी दोन माणसांची पावलं उमटली होती. एक चार बोटांचं. दुसरं मोठं, उजव्या टाचेला आडवी भेग असलेलं.

हितेश त्या भेगेकडे पाहत राहिला. मग त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मीही खाली पाहिलं.

बोटांच्या बेचक्यांत खाडीचा काळा चिखल होता... अजून ओला.

हितेशनं पुन्हा टोपी काढली, त्या जोडीच्या पावलांना हात जोडले आणि निघून गेला.