सोडायची होती ती ओळ

बाग नऊ वर्षं पडीक होती. तारा गंजलेल्या, वेली जमिनीवर लोळत पडलेल्या, मधे कमरेएवढं गवत. मी आणि ताईनं ती कसायला घेतली. फवारणी नाही, पाकिटातलं यीस्ट नाही, नुसत्या द्राक्षांची वाइन करायची. सगळं व्हिडिओ बघून शिकलो. ताई मला व्हिडिओपंडित म्हणते.

बाग ज्यांची, ते आजोबा फाटकापाशी दोन खोल्यांत एकटे राहतात. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्यांची एकच अट होती.

"शेवटची ओळ सोडायची. ती आमच्या हिनं लावलीय. ही गेल्यापासून तिला कोणी हात लावलेला नाही. पहिला घड मी खातो, बाकीचे तसेच राहू देतो."

"सोडली," मी म्हणालो.

मग छाटणीत मी माती खाल्ली. व्हिडिओतल्यासारखी पार खोलवर छाटली आणि त्या म्हाताऱ्या वेलींनी फळच धरलं नाही. अर्धं पिंपसुद्धा भरेना. अर्धं पिंप म्हणजे वर हवा, आणि हवा लागली की व्हिनेगर. इकडे शेवटची ओळ, जिला मी कात्री लावली नव्हती, ती घडांनी वाकलेली.

ताई बाटल्या आणायला गेली होती. मी ती ओळ उतरवली. सगळी. एक घड ठेवायला काय झालं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

ताईला सांगितलं, आजोबांनीच दिली. आजोबांना सांगितलं, पाखरांनी खाल्ली.

"एकही नाही राहिला?"

"नाही हो, आजोबा."

"असू दे. त्यांनाही पोट आहे."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

द्राक्षं चुरून उघड्या पिंपात टाकली की दोन दिवसांत साली वर येतात, जाड थर जमतो. तो रोज सकाळी हातांनी खाली दाबायचा, नाहीतर बुरशी धरते. तिसऱ्या दिवशी पिंप ठेवलेल्या कोठीचं कुलूप उघडलं, तर थर दाबलेला. ओला, सपाट.

वाटलं, ताई.

"मी कशाला? हे बघ माझे हात," ती म्हणाली. "महिनाभर जांभळे राहतात म्हणून तर तुला जुंपलंय."

हात स्वच्छ होते. आणि किल्ली एकच, माझ्या खिशात.

चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी उजाडता उजाडता गेलो. कुलूप जसंच्या तसं. आत थर अजून हलत होता. मधोमध, कोपरापर्यंत हात घातल्यावर पडतो तसा खड्डा, हळूहळू भरत चाललेला. माझ्या हातापेक्षा बारीक हाताचा.

आंबताना सुटणाऱ्या गॅसमुळे होत असेल, म्हटलं. तसा व्हिडिओ शोधलाही. सापडला नाही.

आणि रोज दुपारी आजोबा विचारायचे, "एखादा उशिरा धरलेला असेल बघ रे पोरा, पानांमागे." मी ओळीपर्यंत चालत जायचो. थोडा वेळ उभा राहायचो. परत यायचो.

"नाही, आजोबा."

बाराव्या दिवशी झेपेना. दुपारी गेलो आणि उंबऱ्यातच बसलो.

"पाखरं नव्हती, आजोबा. मी होतो. सगळे मीच तोडले. ताईलाही खोटं सांगितलं."

मी फरशी बघत राहिलो.

"तोंडानं सांगितलंस, बरं केलंस," आजोबा शेवटी म्हणाले. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"कोणी सांगितलं?"

त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड वळवलं. घरातल्या माणसाशी बोलतात तसं, साध्या आवाजात म्हणाले,

"ऐकलंस ना? उद्यापासून त्याचं तो दाबेल. तू हात धू."

आत नळ सुरू झाला.

मी उठलो. चपला घातल्या. नळ चालूच होता.

पायरीशेजारी मोरीचं पाणी भिंतीतून बाहेर येतं. जांभळं होतं. मी पाय उचलून पलीकडे टाकला. त्याला चप्पल लागायला नको म्हणून.