पालथ्या चिठ्ठ्या

"दॅट," आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या चष्म्याच्या दांडीतून लगेच आवाज आला, "सुकन्या, जवसाची चटणी वाढ. तेल जरा जास्त घाल."

त्यांच्या मुलीनं, सुकन्यानं, चटणी वाढली, वर तेल सोडलं. आप्पांनी ताटाकडे पाहिलं आणि तोंड वळवलं.

प्राध्यापक आदगोंडा बोरगावे यांनी मिरजेत चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि उरलेल्या वेळात एकट्याच्या बळावर इंग्रजी-मराठी कोश रचला. मेंदूतल्या रक्तस्रावानं त्यांचा उजवा हात गेला आणि दोन्ही भाषांतला मिळून एकच शब्द तोंडात उरला, इंग्रजी 'दॅट'. दुसऱ्या कुणाची अशी थट्टा झाली असती तर आप्पा पोट धरून हसले असते, कारण कोशात नेमकी याच शब्दाची नोंद अपुरी होती. त्याच्या वापरांच्या अकरा पेट्या भरून चिठ्ठ्या जमल्या होत्या, तरी म्हातारा समाधानी नव्हता.

चष्म्यातल्या यंत्राला निर्देशवाचक म्हणत. नजर कुठे गेली, बोट कुठे वळलं, आवाज चढला की उतरला, हे टिपून ते अर्धवट बोलणं पुरं करी, आणि डॉक्टरांसाठी प्रत्येक वाक्याची चिठ्ठी छापून देई. दीड महिन्यात आप्पा इतकं सफाईदार बोलू लागले की नातेवाईक म्हणत, हे पूर्वी एवढे गोड कधी नव्हते. खरंच नव्हते. आप्पा मुळात खडूस. मधूनच ते जोरानं मान हलवत. पण या आजारात होकार-नकाराची गल्लत होते, यंत्रावर विश्वास ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

काल त्यांनी पेट्यांकडे बोट केलं. "दॅट." यंत्र म्हणालं, "आता पुरे झालं. पेट्या ग्रंथालयाला देऊन टाक."

म्हणून आज ग्रंथपाल मुल्ला दारात उभे होते. "ताई, टेम्पो लावलाय. उचलायच्या का पेट्या?"

सुकन्यानं कालची छापील चिठ्ठी आप्पांपुढे ठेवली. "देऊ ना, आप्पा?"

आप्पांनी डाव्या हातानं चिठ्ठी उचलली, सावकाश वाचली आणि टेबलावर पालथी टाकली. वर तळहात आपटला.

सुकन्यानं ती खूण ओळखली. शाळेच्या सुट्टीत ती त्यांच्यासाठी चिठ्ठ्या लिहायची. एका चिठ्ठीवर शब्दाचा एक वापर. पटला तर चिठ्ठी उताणी, नाही पटला तर पालथी, आणि पालथी म्हणजे पुन्हा लिही. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं तरी पालथी चिठ्ठी कधी उताणी झाली नव्हती. याच शब्दाच्या वेळी त्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं होतं, "फार जुना गडी आहे हा, सुकू. संस्कृतातला 'तत्', आपलं 'ते' आणि हा, एकाच घराण्यातले. मुळात नुसतं बोट दाखवणं. पुढं माणसं मगाशी बोललेलं त्यानं दाखवू लागली. आणि एकमेकांना नीट ओळखत असली, तर न बोललेलंसुद्धा."

यंत्राला समोरचं तेवढं दिसत होतं. बाकीचं ते हजारो अनोळखी म्हाताऱ्यांच्या बोलण्यावरून भरून काढत होतं.

"मुल्लासर, टेम्पो परत न्या. पेट्या इथनं हलणार नाहीत."

"पण सरांनीच सांगितलं म्हणालात की!"

"सर अजून काहीच बोललेले नाहीत," सुकन्या म्हणाली.

तिनं आप्पांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून खणात ठेवला आणि दीड महिन्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला. आप्पा कामाला बसल्यासारखे ताठ झाले. चटणीची चिठ्ठी पालथी. 'मला आता छान वाटतं', पालथी. 'फिरायला नको', पालथी. 'खिडकी उघड', उताणी. दुपारपर्यंत पालथ्यांचा ढीग उंच झाला. ते थकले, घामेजले, पण तिनं पाणी पुढे केलं तर ग्लास बाजूला सारून त्यांनी पुढच्या चिठ्ठीसाठी हात पसरला.

मग ती चिठ्ठी आली. 'सुकन्या, नोकरी सोड. इथंच राहा.' ती परत निघाली होती, त्या दिवशी आप्पांनी दाराशी ठेवलेल्या तिच्या बॅगेकडे बोट केलं होतं. ती ढसाढसा रडली होती आणि बंगळूरच्या नोकरीचा राजीनामा पाठवून मोकळी झाली होती. तो मंजूर होऊनही आला होता.

ही चिठ्ठी गठ्ठ्याखाली सरकवणं सोपं होतं. सुकन्याला तसं वाटलंही. पण आप्पांच्या हाताखाली शिकलेली मुलगी. तिनं ती सरळ त्यांच्यापुढे ठेवली.

आप्पांनी ती दोनदा वाचली. हात चिठ्ठीवर तसाच राहिला. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"दॅट," ते म्हणाले.

वाक्य पुरं करायला आता कुणी नव्हतं. सुकन्यानं खुर्ची जवळ ओढली, पेटीतून एक कोरी चिठ्ठी काढली आणि पेनचं टोपण उघडलं.

"कितीही वेळ लागू दे, आप्पा. मी इथंच बसलेय," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही मला थांब म्हणाला होतात, की जा?"