ओढ्यापाशी काटलेले टायर

जवळ सरकून बसा, आन् मधे कुणी उठू नका. ही गोष्ट आमच्या बोरीच्या तात्यारावांच्या जावयाची. नाव सिद्धोधन. परभणीत राहतो, भाड्यानं गाडी चालवतो. बढाई मारायची लय सवय त्याला. पण एवढं एक सांगताना तो मान खाली घालून सांगतो.

तीन सालांमागं, कोजागरीच्या आदल्या रात्री, नांदेडचं भाडं सोडून तो दहाला घरी आला. घर रिकामं. बायको सुकेशनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. त्यानं गार भाकरी मोडली, ठेचा घेतला, तेवढ्यात सासूचा, सत्यशीलाबाईचा फोन.

"जावईबापू, लेक झाली तुमाला! नाक मात्र तुमचंच घेतलंय बिचारीनं."

"मग तर नाव काढंल!"

"सकाळी निवांत या. येताना डिंक आन् खारका आणा."

भाकरी तशीच ठेवून तो हसत बसला. बोटावर यादी करायला लागला, डिंक, खारका, लेकीला टोपरं.

पावणेअकराला दुसरा फोन. आता तात्याराव होते.

"बापू, सुकेशनीचं रगत थांबंना. डॉक्टरीनबाई म्हणत्यात दोन पिशव्या रगत पायजे, त्याच्याबिगर पोरीला हलवता यायचं न्हाई. अँब्युलन्स जिंतूरकडं अपघाताला गेलीय. परभणीत रगत मिळंल, डॉक्टरीनबाईनं रक्तपेढीला गट सांगून ठिवलाय. तुमीच घेऊन या."

"किती टाइम हाय, मामा?"

"निघा तुमी," तात्याराव म्हणाले.

आता टायरांचं सांगते, कारण सगळी मेख तिथं आहे. उन्हाळ्यात सिद्धोधननं गाडीला नवे टायर घातले होते. शर्यतीच्या गाड्यांना असतात तसले, सेमी-स्लिक म्हणतात त्याला. भारी कंपनीचे नव्हेत, त्यांची स्वस्तातली नक्कल. इतर टायरांवर नक्षी असते, खोल खाचा असतात. ह्यांच्यावर नावाला चार रेघा, बाकी सगळं गुळगुळीत, नखं काढलेल्या मांजरागत. पण मे महिन्याच्या तापल्या डांबरावर काय चिकटायची गाडी! गुळाला मुंगळा जसा. वळणावर तो ब्रेकला पाय लावायचा नाही. थंडीच्या सकाळी मात्र असले टायर पहिले तीन-चार किलोमीटर लाकडासारखे कडक. आणि पावसात तर विचारूच नका. खाचाच नाहीत, तर पाणी जाणार कुठून? गाडी पाण्यावर तरंगणारच. टायर बसवतानाच गॅरेजवाल्या दत्तरावानं बजावलं होतं, "सुक्यात राजा हायत हे. ओल्यात भिकारी."

म्हणून पावसाळाभर त्यानं जुनेच टायर ठेवले. दसऱ्याला गाडी धुतली, आभाळ बघितलं, निळंशार. म्हणाला, गेला पाऊस. जुने काढून दत्तरावाकडं ठेवले, गुळगुळीत चढवले. सुकेशनी फोनवर म्हणाली होती, "आणखी एक पाऊस हाय. आई म्हणती." हा म्हणाला, "तुझ्या आईचं न् ढगाचं जमतंय वाटतं!"

त्या रात्री रक्तपेढीतून दोन पिशव्या घेऊन तो बाहेर आला तेव्हा पावणेबारा झाले होते. बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा छातीशी धरलेला. आणि आभाळ फुटलं.

दत्तरावाला फोन लावला. बंद. तो राहायला पेडगावला, त्याला उठवून आणायचं म्हणजे तास जाणार. गॅरेजच्या शटरवर सिद्धोधननं दोनदा लाथा घातल्या, शटरच्या फटीतून आपले जुने टायर दिसतात का बघितलं. मग डबा बाजूच्या सीटवर ठेवला, पट्टा बांधला, निघाला.

सोयाबीन काढणीचे दिवस. दिवसभर ट्रॅक्टर रानातून रस्त्यावर आले होते, चाकाला काळी माती घेऊन. ती सगळी डांबरावर थापलेली. वर पाऊस. साबणावरून काच सरकावी तशी गाडी चालली होती. साठाच्या वर काटा नेला की मागचं अंग डोलायचं. चाळीसवर आणला की सुकेशनीचा चेहरा दिसायचा.

झरी गाव मागं पडलं तिथं गाडी फिरली. एक पूर्ण गिरकी. दिवे रानावरून गेले, बाभळीवरून गेले, परत रस्त्यावर आले. गाडी थांबली. डबा जागच्या जागी. त्यानं हात जोडले, कुणाला ते त्यालाही माहीत नाही, आणि परत गिअर टाकला.

पण आता गाडी जड लागत होती. मागून. पाच माणसं भरल्यासारखी.

आरशात बघितलं. सीट रिकामी.

पुढं उताराच्या तोंडाशी उजेड दिसला. पंक्चरचं दुकान. बाभळीखाली टांगलेला टायर, फळीचं बाकडं, स्टोव्हची निळी जोत. म्हातारा एकटाच बसलेला. त्यानं हात आडवा केला. सिद्धोधन थांबणार नव्हता. गाडीच थांबली.

म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही. वाकून टायरावरून तळवा फिरवला.

"लेकराच्या टाळूगत मऊ हाय. ह्याच्यावर निघालास? पावसात?"

"बाबा, सोडा मला. बायको चाललीय माझी. रगत घेऊन जायलोय."

"पुढं उतार हाय. उताराच्या तळाला ओढा हाय. काटून देतो टायर."

नक्षी झिजलेल्या टायरात पंक्चरवाले तापल्या पात्यानं नव्या खाचा मारतात, त्याला टायर काटणं म्हणतात.

"तेवढा टाइम न्हाई हो माझ्यापाशी!" सिद्धोधन रडायला लागला.

"हितनं तसाच गेलास, तर टाइमच टाइम हाय. जॅक लाव."

त्यानं लावला. काय करणार? म्हाताऱ्यानं पातं जोतीवर धरलं. लाल झालं. रबरात घातलं. लोण्यात जावं तसं गेलं. जळक्या रबराचा वास सुटला. पाऊस पात्यावर पडत होता... पण चर्र होत नव्हतं.

पुढची दोन चाकं झाली. मागं जॅक लावला. गाडी उचलंना.

"मागं कोण बसलंय?" म्हातारा म्हणाला.

"कुणी न्हाई, बाबा."

म्हातारा उठला. मागच्या काचेपाशी गेला. वाकला. बराच वेळ आत बघत राहिला.

"कवापासनं बसलाय ह्यो?"

सिद्धोधननं मान वळवायला घेतली. "कोण..."

"तू मागं बघू नको. डबा धर."

त्यानं पुढच्या दारातून वाकून डबा धरला. दोन्ही हातांनी. डोळे मिटले.

"उतर," म्हातारा म्हणत होता. हळू. पाहुण्याला म्हणावं तसं. "तिकडं नको जाऊ. लेकरू हाय तिथं, आजचंच. उतर."

काही नाही. पाऊस.

"उतर म्हणतो न्हवं. मी हाय हितं. बस माझ्यापाशी."

पाऊस...

खट्. मागचं दार उघडलं. गाडी वीतभर वर आली. चिखलात पाय. चप... चप... बाकड्याकडं गेले. फळी करकरली.

मग दार लागलं.

उरलेली दोन चाकं कधी काटून झाली, त्याला आठवत नाही. खांद्यावर हात पडला तेव्हा डोळे उघडले. हात गरम होता. लय गरम.

"जा. उतारावर ब्रेक मारू नको. आन् परत हितं थांबू नको. त्याला बसवून ठिवलाय मी."

बाकड्याकडं न बघता सिद्धोधन निघाला. उतारावर गाडीनं रस्ता असा धरला, जसा मे महिन्यात धरायची. ओढ्याचं पाणी पुलावर आलेलं. खाचांतून पाणी दोन्ही अंगांना उडालं. गाडी पार.

दवाखान्याच्या दारात सत्यशीलाबाई उभी होती. डबा हातातून ओढूनच घेतला तिनं. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते. टायर काटायला गेलेला वेळ घड्याळानं धरलाच नव्हता.

तांबडं फुटायच्या वेळेला सुकेशनीनं डोळे उघडले. म्हणाली, "टायर बदलले का?"

सकाळी तात्याराव त्याच्यासाठी चहा घेऊन गाडीपाशी आले आणि चाकाकडं बघत राहिले.

"हे कुणी काटलं?"

"ओढ्याच्या उतारावर, मामा. बाभळीखाली म्हातारा हाय त्यानं."

तात्यारावांनी चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला. "असा तिरपा हात एकाचाच हुता. चंद्रभानचा. सात सालं झाली त्याला जाऊन. असल्याच पावसात घासल्या टायराची गाडी उताराच्या तोंडाशी घसरली, ती त्याच्या दुकानात. टायरच काटीत बसला हुता बिचारा. रस्ता रुंद केला तवा बाभळसुदिक गेली. काय न्हाई तिथं आता."

पुढच्या आठवड्यात दत्तरावानं खाचांत बोट घातलं आणि पटकन मागं घेऊन त्यावर फुंकर मारली. "असल्या टायराला रबर पातळ असतं. एवढं खोल पातं गेलं तर आतली तार उघडी पडती. हे फुटायला पायजे हुते." त्यानं चारही उतरवले, जुने चढवले. सिद्धोधननं तीन टायर तिथंच सोडले. चौथा तात्यारावांनी अंगणात आणून टाकला, माती भरून त्यात झेंडू लावला.

तो टायर आहे अजून. सिद्धोधनची लेक मैत्रेयी आता तीन वर्षांची झाली. दिवाळीत आजोळी येते, माझ्या दारावरूनच पळते. पहाटेची थंडी असली, की ती चुलीपाशी जात नाही.

अंगणात जाते. टायरापाशी बसते. आणि खाचेत बोटं घालून हात शेकते.