मधला पट्टा

दीसाचा ट्रक आठवड्यात तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा स्टेइनी दातांत साखरेचा खडा धरून कॉफी पीत होता.

"सीटबेल्टच्या पट्ट्याचा दिवा परत लुकलुकतोय," दीसा खिडकीतून ओरडली. "तू मेकॅनिक आहेस की शोभेचा बाहुला?"

गिमली गावचे कोळी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून ट्रक नेतात, बर्फाला भोकं पाडून जाळी ओढतात. बर्फावर पट्टा लावायचा नाही आणि काचा खाली ठेवायच्या, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक. बर्फ फुटलाच तर चटकन बाहेर पडता आलं पाहिजे; तळ्याने आजवर बरेच जण गिळले होते. पण पट्टा सोडला की समोरचा लाल दिवा लुकलुकतो आणि घंटी डोकं उठवते. मग जुन्या पट्ट्याचं धातूचं टोक कापून बकलात नुसतं खुपसून ठेवायचं. गाडी फसते, गप्प बसते.

अशी टोकं स्टेइनी सगळ्यांना फुकट देई. का फुकट, ते कोणी विचारत नसे. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाने, कल्लीने, असंच टोक मागितलं होतं. "पुढच्या आठवड्यात ये, आत्ता वेळ नाही," स्टेइनी म्हणाला होता. घंटीला वैतागून कल्ली पट्टा लावूनच बर्फावर गेला, आणि बर्फ फुटला; पट्टा काही सुटला नाही. तेव्हापासून स्टेइनीने तळ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. गुडघा दुखतो, म्हणायचा.

दीसाच्या ट्रकाने मात्र त्याचा घाम काढला होता. टोक जागच्या जागी होतं, बकलाचा स्विच नवा होता, तारा तपासून झाल्या होत्या. गॅरेजात दिवा शहाण्या बाळासारखा वागायचा.

"अरे, तो फक्त बर्फावर लुकलुकतो," दीसा म्हणाली. "बर्फावर येऊन बघ की!"

"माझा गुडघा…"

"गुडघ्याला मी कडेवर घेते. चल ऊठ! विनातेर्ता केक केलाय, सात थरांचा. बर्फावरच मिळेल, इथे एक तुकडासुद्धा नाही."

दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. हिने एकदा हट्ट धरला की सुटका नाही हे त्याला माहीत होतं. शिवाय गुडघ्याआड किती वर्षं लपायचं, याची त्याला स्वतःलाच लाज वाटू लागली होती. तो उठला.

दुपारचे तीन वाजले होते. ऊन खाली उतरलेलं, वारा नाही. वाट चुकू नये म्हणून बर्फात रोवलेल्या पाइनच्या फांद्या एकेक करून मागे पडत होत्या. उघड्या काचांतून थंडी आत घुसत होती. ट्रकात मासळीचा वास भरला होता. खाली, फार खोल, बर्फ मधूनच घुमायचा.

"श्वास घे रे," दीसा म्हणाली. "निळा पडलायस."

"थंडीने."

"हो ना, थंडीच!"

किनारा मैलभर मागे गेला आणि लाल दिवा लुकलुकू लागला. टिंग… टिंग… टिंग… स्टेइनीने तिच्या बकलातलं टोक दाबलं, मग स्वतःच्या बकलातलं. दोन्ही पक्की होती.

दीसाने ट्रक थांबवला. "स्टेइनी… मधला पट्टा तू लावलास?"

जुना ट्रक; पुढे तिघांचं लांब बाक. मधला पट्टा एरवी बाकामागे कोंबलेला असे. आता तो बकलात बसला होता. रिकाम्या बाकावर तो सपाट पडायला हवा होता. पण तो वीतभर वर होता, ताणलेला, जाड कोट घातलेल्या माणसाच्या पोटावरून गेल्यासारखा.

"त्याला तर तारच नाही…" स्टेइनी पुटपुटला. "दिव्याशी त्याचा काही संबंधच नाही…"

दीसाने स्टिअरिंग घट्ट धरलं. "ते मला नको सांगूस… सोडव त्याला…"

स्टेइनी घाबरला, चांगलाच घाबरला. पण भीतीच्याही आधी त्याला रडू फुटलं. "कल्ली, चुकलंच रे माझं… त्याच दिवशी द्यायला हवं होतं…" त्याने लाल बटणावर अंगठा ठेवला. बटण हलेना. मग दोन्ही अंगठे लावून सगळा जोर काढला.

खट्.

पट्टा सावकाश सैल झाला. दिवा विझला. आणि काही कळायच्या आत स्टेइनीने पाय आखडून घेतले, आतल्या माणसाला उतरायला वाट द्यावी तसे. त्याच्या बाजूचं दार उघडल्याचा दिवा एकदा लागला आणि विझला. दार बंदच होतं.

दीसाने स्टिअरिंगवरची बोटं एकेक करून सोडवली.

"झाला दुरुस्त," शेवटी दीसा म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. स्टेइनीही नाक पुसत हसू लागला. अकरा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं त्याला हलकं वाटत होतं. दोघांनी विनातेर्ता हातानेच तोडून खाल्ला. जाळी उद्या बघू, असं म्हणून तिने ट्रक गावाकडे वळवला.

थोडं पुढे गेल्यावर तिने आरशात पाहिलं आणि उघड्या खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, बर्फावर कोळी एकमेकांना करतात तसा.

"कोणाला केलास हात?"

"त्याने आधी केला."

स्टेइनीची मागे वळून पाहायची छाती झाली नाही. "निरोप देतोय ना?"

"आपल्याला दिला…" दीसाने वेग वाढवला. आरशावरून तिची नजर हलत नव्हती. "आता तळ्याच्या मध्याकडे तोंड करून बाकीच्यांना बोलावतोय."